वालीवच्या लॅबमधली माणसं, मासे आणि एक कोंबडा

प्रयोग जमला की त्याचा ग्राफ होतो आणि फसला की त्याचा किस्सा होतो. आमच्या लॅबमधून ग्राफ किती निघाले आणि किस्से किती, हे मी सांगत नाही. पण आम्ही चौघं कुठेही भेटलो, लग्नात म्हणा, बारशाला म्हणा, की थीसिसबद्दल कोणी अवाक्षर काढत नाही. कोणीतरी नुसतं "तो कामणचा दिवस आठवतो का?" म्हणतं आणि समोरचा चहा गार होऊन जातो.

आमचं संशोधन केंद्र वसईजवळ वालीवला, कारखान्यांच्या मधोमध. खाली प्लास्टिक मोल्डिंग, शेजारच्या गाळ्यात पत्र्याची झाकणं ठोकणारी प्रेस, आणि वरच्या मजल्यावर आम्ही मेंदू आणि पेशींचा अभ्यास करणारे. आमच्या गाईड राऊत मॅडम, वसईतल्या जुन्या बागायतदार घरातल्या. मेल्विन तिथल्याच एका वाडीतला. ज्योत्स्ना पाचूबंदरच्या कोळीवाड्यातली. आणि मी तन्वी, विरारच्या फ्लॅटमध्ये वाढलेली. माझ्या घरात झाड म्हणजे बाल्कनीतली तुळस, आणि प्राणी म्हणजे पाल.

* * *

सुरुवात ज्योत्स्नाच्या आईपासून करते.

ज्योत्स्नाने पीएचडीसाठी झेब्राफिश हा मासा घेतला. बोटाच्या दोन पेरांएवढा जीव, अंगावर निळे पट्टे. तिची आई रोज पहाटे बंदरावरच्या लिलावात मासळी घेते आणि बाजारात विकते. लेक माशांवर शिकणार म्हटल्यावर ती म्हणाली, "मासल्यावर शिकायला वालीवला कशाला जायला पायजे? घरात काय कमी हाय?"

एक दिवस बाजार लवकर आटोपून ती स्वतःच बघायला आली. माशांच्या टाक्या रांगेने लावलेल्या होत्या. एकेका टाकीपुढे थांबून, वाकून, तिने लिलावातला माल पारखावा तशी पाहणी केली.

"मोठी कदी होतात ही?"

"झालीत, आय. एवढीच असतात."

लेकीच्या शिक्षणाबद्दलची काळजी आईच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होती. मग ज्योत्स्नाने तिला मायक्रोस्कोपपुढे बसवलं. काचेखाली नुकतंच अंड्यातून बाहेर आलेलं पिल्लू होतं. या वयात ते काचेसारखं आरपार दिसतं. छातीत हृदय उघडमीट करताना दिसतं, आणि शेपटीपर्यंत एकेक रक्तपेशी पळताना दिसते.

आई डोळा लावून बसली ती उठेचना. आम्हाला वाटलं, बाईंना चक्कर वगैरे आली की काय. मग ती हळूच म्हणाली, "धडधडतंय गो." आणि थोड्या वेळाने, "एवढी वर्सं मासली कापली. कालीज काढून बाजूला टाकलं. चालताना कदी बघितलं नव्हतं."

मेल्विनने भीत भीत विचारलं, "मावशी, आता मासळी विकणार ना?"

"विकनार तर," ती पिशवी उचलत म्हणाली. मग लेकीकडे वळली. "पन तू एक कर. बाजारात गिऱ्हाईक समोर असताना ह्याची आठवन काढू नको."

* * *

मेल्विनचा विषय पेशी कशा मरतात हा. निरोगी पेशी आपणहून मरायचं कधी ठरवते, वगैरे. माणूस मात्र एकदम हसतमुख.

स्टेशनवरून वालीवला तो शेअर रिक्षाने यायचा. एकदा रिक्षावाल्या भय्याने गप्पा मारता मारता विचारलं, "सर, आप क्या काम करते हो?" मेल्विनचं हिंदी म्हणजे मराठीलाच थोडी टोपी घातलेली. तो म्हणाला, "मैं पेशी पे काम करता हूँ."

भय्याने आरशातून त्याच्याकडे नीट पाहिलं. "किसकी पेशी है?"

"किसकी मतलब? सबकी होती है. आपकी भी है."

"हाँ, मेरी भी है," भय्याने लांब सुस्कारा सोडला. "अगले महीने. जमीन का मामला है."

हिंदीत पेशी म्हणजे कोर्टातली सुनावणी, हे मेल्विनच्या लक्षात यायला केंद्राचं गेट यावं लागलं. तोवर भय्याने त्याला एक चांगला वकीलही सुचवला होता. गैरसमज दूर करायचं मेल्विनच्या जिवावर आलं. त्यानंतर तो भय्या कुठेही दिसला की ओरडून विचारायचा, "सर, पेशी का क्या हुआ?"

आणि मेल्विन ओरडून सांगायचा, "अगली तारीख मिली है."

पीएचडी करणाऱ्याच्या तोंडी हे उत्तर कधीच खोटं नसतं.

* * *

आता माझं. कोंबडीच्या अंड्यातल्या गर्भापासून न्यूरॉन, म्हणजे मेंदूच्या पेशी, वेगळ्या काढायच्या, त्या बशीत वाढवायच्या, आणि काचेची अतिशय बारीक सुई लावून त्या एकमेकींशी बोलतात का ते ऐकायचं, हे माझं काम. ऐकायचं म्हणजे स्क्रीनवर रेघ बघायची. पेशी बोलली की रेघ टुणकन उडी मारते.

कित्येक महिने रेघ सरळच होती. आई फोनवर विचारायची, "आज काही?" मी म्हणायची, "नाही." तिने नंतर विचारायचंही सोडून दिलं, ते मला जास्त लागलं.

आणि एका सकाळी रेघेने उडी मारली. मग परत. मग परत, अगदी ठरावीक अंतराने. मी खुर्चीतच रडायला लागले. मेल्विन खालून वडापाव घेऊन आला. ज्योत्स्नाने स्क्रीनचे फोटो काढले. एवढ्या नियमित तालात बोलणारे न्यूरॉन आम्ही कुठे वाचलेही नव्हते. मी मनात पेपरचं शीर्षक ठरवून टाकलं.

मॅडम आल्या, शांतपणे बघत बसल्या. दुपारी एक वाजता रेघ अचानक सरळ झाली. पेशी मेल्या असणार, दुसरं काय? मॅडम म्हणाल्या, "थांब जरा. डबा खाऊन घे." खाल्ला कसाबसा. आम्ही परत येऊन बसलो आणि दोनच्या ठोक्याला रेघ पुन्हा त्याच तालात उड्या मारायला लागली.

मॅडमनी चष्मा काढून पुसला. "तन्वी, तुझ्या न्यूरॉनना जेवणाची सुट्टी असते का गं?"

शेजारच्या गाळ्यातली झाकणांची प्रेस होती ती. तिच्या दर ठोक्याला आमची इमारत कळेल न कळेल अशी हलायची आणि माझी सुई थरथरायची. त्याच सकाळी तिथे नवीन मशीन सुरू झालं होतं.

तो दिवस वाईट गेला, खोटं कशाला सांगू. पण वालीवला कारखान्यांची सुट्टी शुक्रवारी असते. मॅडम म्हणाल्या, "मग तू शुक्रवारीच ऐक." तेव्हापासून माझा आठवडा शुक्रवारी सुरू व्हायचा. सगळा रस्ता रिकामा, टपऱ्या बंद, खाली एक कुत्रं झोपलेलं, आणि मी सुई धरून बसलेली.

पावसाळ्यानंतरच्या एका शुक्रवारी रेघ उडाली. मग बराच वेळ काही नाही. मग दोनदा लागोपाठ. ताल नाही, शिस्त नाही. मी मॅडमना घरी फोन केला. त्यांनी एकच विचारलं, "बाहेर प्रेस बंद आहे ना?"

"बंद आहे."

"मी निघाले," त्या म्हणाल्या. कुकर लावलेला होता, तो तसाच बंद करून आल्या, हे त्यांच्या मिस्टरांनी आम्हाला पुढे कितीतरी वेळा ऐकवलं.

* * *

त्या पेशींवरचा माझा पहिला पेपर परत आला, तो दिवस.

मी ईमेल चार वेळा वाचला आणि मॅडमच्या केबिनमध्ये जाऊन सांगितलं, की मला हे सगळं सोडायचंय. शाळेत नोकरी बघते, मुलांना शिकवते, निदान संध्याकाळी काहीतरी केल्यासारखं तरी वाटेल. खरंच ठरवून गेले होते.

मॅडमनी अडवलं नाही, समजूतही घातली नाही. "आधी काय लिहिलंय ते तर वाच," म्हणाल्या. मी मराठीत अर्थ सांगत वाचायला लागले. काम नीटनेटकं आहे. मेहनत दिसते. भविष्यासाठी शुभेच्छा. मात्र आमच्या नियतकालिकाला साजेसं वाटत नाही.

मॅडम डोळे मिटून ऐकत होत्या. "हे मी कुठेतरी ऐकलंय," त्या म्हणाल्या. "मुलगी चांगली आहे, सुगरण आहे, स्वभावाने गरीब आहे. फक्त आमच्या घराला शोभणार नाही."

मला हसायचं नव्हतं, पण हसू आलं.

"माझ्या लग्नाच्या वेळी अशी खूप पत्रं यायची गं. माझे वडील वाचायचे, घडी घालून ठेवायचे आणि आईला म्हणायचे, चहा टाक." मॅडमनी माझा लॅपटॉप स्वतःकडे ओढला. "चल, दुसरं स्थळ बघू."

दुसऱ्या स्थळाने दोन आकृत्या बदलायला लावल्या आणि होकार दिला.

* * *

अंड्यांचाही एक किस्सा आहे. माझी अंडी हॅचरीतून यायची आणि लॅबच्या उबवणपेटीत राहायची. गर्भ थोडा वाढला की काम सुरू, त्यामुळे पिल्लू होण्याची वेळ कधी यायचीच नाही. एकदा गणपतीच्या सुट्टीत सगळे घरी गेले. पेटीच्या मागच्या कोपऱ्यात एक अंडं राहून गेलं होतं. त्यावर मी पेन्सिलने 'कंट्रोल' लिहिलं होतं. कंट्रोल म्हणजे ज्याला आपण काहीच करत नाही, नुसतं इतरांशी तुलना करायला ठेवतो ते.

सुट्टीनंतर सगळ्यात आधी मेल्विन आला. त्याचा फोन आला, "तन्वी, तुझ्या पेटीत कोणीतरी बोलतंय."

आम्ही पोचलो तेव्हा पिल्लू कवचाच्या तुकड्यांत उभं होतं, ओलसर, पिवळं आणि फार संतापलेलं. कवचाच्या एका तुकड्यावर माझ्या अक्षरातलं 'कंट्रोल' अजून वाचता येत होतं. त्यामुळे नावाचा प्रश्न मिटला.

मॅडमनी कागदपत्रं तपासली. त्याला कोणतंही औषध, कोणतंही रसायन लागलेलं नव्हतं. तरी त्याला घरी न्यायची परवानगी द्यायला त्यांनी अख्खा दिवस घेतला. मग मेल्विन त्याला खोक्यात घालून वाडीत घेऊन गेला.

कंट्रोल मोठा होऊन कोंबडा झाला, तोही असा, की वाडीत त्याच्यापुढे कुत्री वाट बदलतात. पहाटे चर्चची घंटा व्हायच्या आत तो आरवतो. मेल्विनची आई सांगते, की हल्ली मिसाला, म्हणजे चर्चमधल्या सकाळच्या प्रार्थनेला, उशिरा येणारं कोणी उरलंच नाही. पुढे आमच्याकडे बाहेरचे एक प्राध्यापक आले होते. त्यांनी मला विचारलं, "या प्रयोगात तुमचा कंट्रोल व्यवस्थित आहे का?"

मी उत्तर द्यायच्या आत मेल्विन म्हणाला, "सर, एकदम मजेत आहे."

* * *

आता तो कामणचा दिवस.

मे महिन्यातली दुपार. रस्त्यावरचा ट्रान्सफॉर्मर मोठा आवाज करून गेला आणि अख्ख्या वालीवची लाइट गेली. जनरेटर सुरू झाला, खोकला आणि बंद पडला. आमच्याकडे उणे ऐंशी अंशांचा फ्रीजर होता. त्यात मॅडमच्या पूर्वीच्या सगळ्या विद्यार्थ्यांचे नमुने होते, ज्योत्स्नाच्या माशांच्या मेंदूचे तुकडे होते, माझ्या पेशी होत्या. ते वितळलं असतं तर ज्योत्स्नाला पहिल्यापासून सुरुवात करावी लागली असती. ती फ्रीजरच्या दाराला पाठ लावून उभी होती, जणू थंडी तिच्या पाठीने थांबणार होती.

लाइट कधी येईल ते कोणी सांगेना. पण त्या दिवशी मी एक गोष्ट बघितली. मॅडमनी आवाज चढवला नाही, घाम पुसला नाही. एका कारखान्यातून सुका बर्फ मागवला, खालच्या मोल्डिंगवाल्यांकडून थर्मोकोलची खोकी आणली, आणि मेल्विनला विचारलं, "तुझा मावसभाऊ टेम्पो चालवतो ना? तो आत्ता कुठे आहे?"

मावसभाऊ कामणला होता. तिथल्या एका गोडाऊनमध्ये आइस्क्रीम ठेवायची मोठी थंड खोली होती आणि तिथली लाइट चालू होती. टेम्पो आला. आम्ही खोकी भरली. झाकणं मुद्दाम सैल ठेवली, कारण सुक्या बर्फाचा वायू कोंडला तर खोकं फुटतं. मेल्विन पुढे बसला, मी आणि ज्योत्स्ना मागे, उघड्या टेम्पोत, एकेका खोक्याला मिठी मारून. उन्हाने डोकं भाजत होतं आणि खोक्यांतून पांढरा धूर निघत होता. सिग्नलला शेजारच्या स्कूटरवरची बाई बघून म्हणाली, "लग्नात एंट्रीला सोडतात ना, ते आहे का?"

गोडाऊनच्या गेटवर पावती करणारे काका होते. "माल काय?"

मी म्हटलं, "वैज्ञानिक नमुने आहेत."

"ते ठीक. पण आत काय आहे?"

ज्योत्स्ना रडकुंडीला आली होती. ती म्हणाली, "माशांचा मेंदू आहे, काका. बारीक तुकडे करून ठेवलाय. फार वर्षांचा आहे."

काकांनी तिच्याकडे बघितलं, खोक्यांकडे बघितलं, आणि मान खाली घालून पावतीवर लिहिलं: फ्रोझन फिश. मग सहानुभूतीने विचारलं, "फार वर्षांचा आहे म्हणता. घेईल का आता कोणी?"

तिसऱ्या दिवशी लाइट आली. दरम्यान सुका बर्फ घालायला आम्ही पाळीपाळीने जात होतो. एकही नमुना गेला नाही. आम्ही परत निघताना त्या गोडाऊनच्या मॅनेजरने आम्हाला मँगो आइस्क्रीमचे कप दिले. ज्योत्स्नाने आपला कप तिथेच, त्या काकांच्या टेबलाला टेकून, उभ्याउभ्या संपवला.

* * *

हा शेवटचा.

ज्योत्स्नाचा नेमका विषय काय, ते सांगायचं राहिलं. झेब्राफिशचा मज्जारज्जू, म्हणजे पाठीच्या कण्यातली मुख्य दोरी, तुटला तर मासा मागच्या अंगाने लुळा पडतो. पण ती दोरी परत जुळते आणि काही आठवड्यांनी मासा पुन्हा पोहायला लागतो. माणसाची जुळत नाही. माशात हे कोणत्या पेशी घडवून आणतात, ते ज्योत्स्ना शोधत होती.

तिचे वडील बोटीवरून माल उतरवताना घसरून पाठीवर पडले होते. तेव्हा ती कॉलेजात होती. त्यानंतर ते चाकांच्या खुर्चीत आहेत.

तिच्या व्हायव्हाच्या, म्हणजे पीएचडीच्या तोंडी परीक्षेच्या, दिवशी नेमकी लिफ्ट बंद. हॉल वर. पाचूबंदरहून टेम्पो भरून माणसं आली होती, आणि त्यांतल्या चौघांनी वडिलांना खुर्चीसकट उचललं. बोट किनाऱ्यावर ओढताना एकजण आवाज देतो आणि बाकीचे जोर लावतात, तसे ते आवाज देत जिना चढले. बाहेरून आलेले परीक्षक कठड्याशी उभे राहून बघत होते. कडक म्हणून त्यांची ख्याती होती. त्यांनी वाट मोकळी करून दिली, पण चेहऱ्यावरची रेषाही हलली नाही.

ज्योत्स्ना चांगलं बोलली. पडद्यावर लुळा मासा दाखवला, मग तोच मासा काही आठवड्यांनी, शेपूट मारत सरळ जाणारा. मागे बसलेल्या आईने पदर तोंडाला लावला. परीक्षकांनी तासभर प्रश्न विचारले, काही फार तिखट होते. तिने काहींची उत्तरं दिली, आणि काहींना सरळ "माहीत नाही, सर" म्हणाली. मग नियमाप्रमाणे त्यांनी सभागृहाला विचारलं, "कोणाला काही विचारायचंय?"

वडिलांनी हात वर केला.

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. परीक्षक म्हणाले, "विचारा."

"मासली परत पवायला लागली, ते बघितलं," वडील म्हणाले. "मानसाचं कदी होनार?"

ज्योत्स्नाने हातातला पॉइंटर टेबलावर ठेवला.

"बाबा, तुमच्यासाठी नाय होनार," ती म्हणाली. इतका वेळ ती पुस्तकी मराठी आणि इंग्रजीत बोलत होती, आता घरच्या भाषेत बोलली. "तुमच्या वेळेत नाय होनार. मी तसं सांगितलं तर ते खोटं होईल."

वडिलांनी मान हलवली. "मग दुसऱ्या कोनाच्या वेळेत?"

"होईल असं वाटतं. मी केलं ते लय थोडं हाय. त्याच्या पुढचं कोनीतरी करील, त्याच्या पुढचं अजून कोनी. खात्री नाय देता येत."

वडील थोडा वेळ पडद्याकडे बघत राहिले. मासा अजून तिथे पोहत होता, चित्रफीत परत परत सुरू होत होती. मग त्यांनी खुर्ची थोडी वळवून घेतली आणि परीक्षकांकडे बघितलं.

"साहेब," ते म्हणाले, "घरी पन अशीच बोलते. पास करा तिला."